चांगुलपणाचा तक्ता ठेवावा की उतरवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचवीच्या एका वर्गशिक्षिकेने वर्गात ‘चांगुलपणाचा तक्ता’ लावला. कुणी कुणाला मदत केली की नावापुढे एक तारा, आणि महिनाअखेर सर्वांत जास्त तारे मिळवणाऱ्याला बक्षीस. सुरुवातीला वर्ग एकदम बदलल्यासारखा वाटला. मग दर तासाला मुलं ‘बाई, मी त्याला पेन दिलं’, ‘बाई, मी तिची वही उचलून दिली’ असं सांगायला टेबलापाशी येऊ लागली. एकाने तर शेजारच्याची पाण्याची बाटली आधी स्वतःच पाडली आणि मग उचलून दिली. काही शांत मुलांच्या नावापुढे एकही तारा नाही. आणि आता मुख्याध्यापिकांना हाच तक्ता सगळ्या वर्गांत हवा आहे. तो चालू ठेवावा का, आणि ठेवायचा नसेल तर मुलांच्या छोट्या चांगल्या कृतींसाठी शाळेने नेमकं काय करावं, असं या बाईंनी विचारलं आहे.

ताई, तक्ता उतरवा. तुमचा हेतू चांगला होता आणि वर्गात जे दिसलं ते तुम्ही प्रामाणिकपणे मांडलंत, म्हणूनच मी इतकं थेट सांगते. मी आधी वर्गशिक्षिका म्हणून आणि नंतर शालेय समुपदेशक म्हणून मुलांबरोबर काम करत आले आहे. बक्षिसावर उभ्या केलेल्या चांगुलपणाचं तुमच्या वर्गात जे झालं, ते बहुतेक ठिकाणी होतं. यात मुलं बिघडली असं काही नाही. आपण त्यांना एक खेळ दिला आणि ती तो नियमाप्रमाणे खेळली.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घेऊ. मदत करण्याची ओढ आपण मुलांमध्ये बाहेरून घालत नाही. ती आधीपासून असते. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अवघ्या 18 महिन्यांच्या बाळांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. दोन्ही हात भरलेल्या माणसाला कपाटाचं दार उघडता येत नाही. 24 पैकी 22 बाळांनी निदान एका प्रसंगात तरी आपणहून मदत केली. कुणी सांगितलं नव्हतं, शाबासकी मिळणार नव्हती. त्याच दोघांनी 2008 मध्ये 20 महिन्यांच्या मुलांना घेऊन पुढचा प्रश्न तपासला. काहींना मदतीबद्दल वस्तू दिली, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर मदतीची संधी पुन्हा आली तेव्हा वस्तू मिळालेली मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळा पुढे आली. कौतुक झालेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही.

चित्रकलेच्या बाबतीत हेच 1973 मध्ये दिसलं होतं. बालवाडीतल्या ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलं. काही दिवसांनी तीच पेनं मोकळ्या वेळात पुढे ठेवली, तर आधी कबूल केलेलं प्रशस्तिपत्र मिळवणाऱ्या मुलांनी चित्रांना इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ दिला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं त्यांची आवड मात्र टिकून होती. आपल्याला इथे हाच फरक कामाचा आहे. ‘हे केलंस तर ते देईन’ हा सौदा होतो. घडून गेलेल्या गोष्टीवर मनापासून काही बोलणं हा सौदा नसतो.

आता तक्त्याची दुसरी अडचण, आणि माझ्या मते ही पहिलीपेक्षा मोठी आहे. तक्त्यावर फक्त दिसणारी मदत चढते. पेन दिलं, वही उचलली, फळा पुसला. पण शाळेतला खरा चांगुलपणा बहुतेक वेळा न दिसण्यातच असतो. एखाद्या मुलीच्या गणवेशावर पाळीचा डाग पडतो. मैत्रीण काही न बोलता आपला स्वेटर तिच्या कमरेला बांधते आणि स्वच्छतागृहापर्यंत तिच्या मागे मागे चालत जाते. दुसरीतल्या मुलाची चड्डी ओली होते. शेजारचा बाटली सांडल्याचं नाटक करतो, म्हणजे पाण्यात पाणी मिसळून जातं. (तुमच्या त्या बाटली पाडणाऱ्या मुलाला घाईने लबाड ठरवू नका, असं म्हणण्याचं हेही एक कारण. त्याच्याकडे मी पुढे येते.) अडखळत बोलणारा मुलगा उत्तर देत असतो, तेव्हा शेजारची मुलगी त्याचा शब्द स्वतः पूर्ण करत नाही, त्याला पूर्ण करू देते. वाचताना कुणी चुकलं, मागून हसू फुटलं आणि एक जण त्या हसण्यात सामील झाला नाही. वडील वारल्यावर पहिल्यांदा शाळेत आलेल्या मित्राला वर्गातला मुलगा काहीही विचारत नाही. फक्त दिवसभर त्याच्या बाजूला बसतो आणि चुकलेल्या धड्यांवर खुणा करून देतो.

यातल्या कुठल्या कृतीला तुम्ही तारा द्याल? दिलात तर काय होईल? डाग लपवणाऱ्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर शाबासकी देणं म्हणजे डाग सगळ्यांना दाखवणं. मदतीला दोन टोकं असतात आणि शाळा नेहमी देणाऱ्याच्या टोकाकडे बघते. घेणाऱ्याचं काय झालं, त्याची मान वर राहिली का, हे बघणं हे आपलं पहिलं काम. म्हणून कौतुक करण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ज्याला मदत झाली त्याला हे सगळ्यांना कळलेलं चालेल का? उत्तराची खात्री नसेल, तर मी त्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलत नाही.

मग कौतुक करायचंच नाही का? करायचं, पण एकट्याला गाठून, आणि काय झालं ते नेमकं सांगून. ‘छान’, ‘शाब्बास’, ‘किती गुणी आहेस’ यातून मुलाला काही कळत नाही. ‘काल तू त्याला खेळायला बोलावलंस ना, त्यानंतर पूर्ण तास तो हात वर करत होता, मी बघत होते’ यातून कळतं. आपल्या कृतीने समोरच्याच्या दिवसात काय बदललं, हे मुलांना सहसा कुणी सांगतच नाही. दारात, जिन्यात, वही परत देताना हे एक वाक्य बोलता येतं. त्यासाठी मी एक साधी वही ठेवते: दिवसभरात नजरेत आलेल्या एक-दोन गोष्टी, मुलाचं नाव आणि पुढे मी त्याच्याशी बोलले की नाही याची खूण. ती कुणाला दाखवायची नसते. महिन्याने उघडली की लक्षात येतं की आपली नजर ठरावीक मुलांवरच जाते. शांत मुलांच्या नावापुढे तारे नसण्याचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

‘तू मदत करणारा मुलगा आहेस’ असं बिरुद द्यावं का, हा प्रश्नही पालक-शिक्षक विचारतात. 2014 च्या एका संशोधनात तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी ‘मदत करणं’ या क्रियेऐवजी ‘मदत करणारा होणं’ या शब्दांत बोललं, तेव्हा ती जास्त मदत करताना दिसली. मात्र 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुढचा टप्पा पाहिला. मदत करायला गेलं आणि ती फसली, हातातली वस्तू सांडली, तर बिरुद मिळालेली मुलं जास्त खचत होती आणि पुढच्या वेळी मागे राहत होती. शाळेत मदत अनेकदा फसते. वह्यांचा गठ्ठा नेताना तो पडतो, समजूत काढायला गेलेला आणखी रडवून येतो. म्हणून मी माणसाबद्दल न बोलता कृतीबद्दल बोलते.

एवढं झालं कौतुकाचं. पण खरं सांगायचं तर कौतुकापेक्षा वेळापत्रक जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. 1973 मध्येच प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला शिक्षक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगावासा वाटतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन इथल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस खाली वाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी 63 टक्के मदतीला थांबले. बेताची घाई असलेल्यांपैकी 45 टक्के. ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. यातल्या काहींना तर वाटेत पडलेल्या जखमी परक्या माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवरच बोलायचं होतं. त्याने फारसा फरक पडला नाही. धर्माचा अभ्यास करणारी, सज्जन तरुण माणसं ती. घाईने त्यांना पुढे ढकललं.

आता आपली शाळा बघा. तास संपल्याची घंटा होते आणि पुढच्या तासाचे शिक्षक दारात उभे असतात. पायाला प्लॅस्टर असलेल्या मित्राचं दप्तर घेऊन जिना चढणारा मुलगा तीन मिनिटं उशिरा पोचतो आणि दारात बोलणी खातो. दुसऱ्या दिवशी तो थांबत नाही. आपण परिपाठात सहकार्यावर सुविचार वाचतो आणि तासाला उशीर झाला म्हणून मदत करणाऱ्याला उभं करतो. मुलं या दोन्हींपैकी कशातून शिकतात हे वेगळं सांगायला नको. म्हणून मुख्याध्यापिकांकडे मागायचंच असेल तर तक्त्याऐवजी हे मागा: ‘मी कुणाबरोबर तरी थांबलो होतो’ हे उशिराचं मान्य कारण सगळ्या शिक्षकांनी धरावं. तासाची शेवटची दोन मिनिटं आवराआवरीसाठी मोकळी सोडावीत, त्यात शिकवू नये. आणि मधल्या सुट्टीतून वेळ कापून शिक्षा म्हणून वर्गात बसवणं थांबवावं, कारण मुलांमधल्या देवाणघेवाणीची मुख्य जागा तीच आहे. याचा कुणी गैरफायदा घेईल का? थोडे घेतील. मला तो धोका परवडणारा वाटतो.

वेळेनंतर येतं कौशल्य. मदत न करणारी मुलं निर्दय असतात असा आपला समज असतो. माझ्यासमोर येऊन बसलेली बरीच मुलं वेगळंच सांगतात: ‘काय बोलायचं तेच कळलं नाही’, ‘तो नको म्हणाला असता तर?’, ‘सगळे हसले असते.’ ही भीती मोठ्यांनाही असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की, छोटंसं काही चांगलं करणारा माणूस समोरच्याला त्याचं किती बरं वाटेल याचा अंदाज सतत कमी धरतो. आपण वस्तूची किंमत मोजत बसतो. घेणाऱ्याला त्यामागची आपुलकी पोचलेली असते. मुलांना हे आकड्यांनी पटणार नाही, पण वाक्यं दिली तर ती वापरतात. मोठ्यांना साधी वाटतील अशी वाक्यं: ‘मी शेजारी बसू का?’ ‘आम्हाला एक जण कमी पडतोय, येतेस?’ ‘काल काय शिकवलं ते दाखवू?’ ‘बोलायचं नसेल तर नको बोलूस, मी इथेच आहे.’ आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जोड्या करून ही वाक्यं बोलून बघायची, आणि ‘नको’ ऐकायचीही सवय करायची. ‘नको’ म्हटल्यावर ‘बरं, लागलं तर सांग’ एवढं म्हणून बाजूला होता आलं पाहिजे.

विचारून मदत करणं हे तर स्वतंत्रपणे शिकवावं लागतं. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीची खुर्ची मागून न विचारता ढकलणं, नीट न दिसणाऱ्या मुलाचा दंड धरून ओढत नेणं, सावकाश लिहिणाऱ्याच्या हातातली पेन्सिल घेऊन त्याचं उत्तर लिहून टाकणं, हे करणारी मुलं वाईट नसतात. पण समोरच्याला त्याचा त्रास होतो. ‘हात देऊ का?’ आणि ‘कसा देऊ?’ हे दोन प्रश्न आधी. एखाद्या मुलाला बटण स्वतः लावायला पाच मिनिटं लागत असतील, तर ती पाच मिनिटं शेजारी थांबणं हीच त्याला केलेली मदत.

चिडवणं आणि दादागिरी चालू असताना काय, हा अवघड भाग आहे. टोरंटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. दादागिरीच्या सुमारे 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला होती. मध्ये पडलं कुणी? फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के वेळा, प्रकार 10 सेकंदांच्या आत थांबला. आकडे आशादायक आहेत, तरी त्यावरून दहा वर्षांच्या मुलाला ‘तू मध्ये पड’ असं सरसकट सांगू नका. त्याला उद्याही त्याच मैदानावर खेळायचं असतं. सुरक्षित आणि छोटे पर्याय द्या. ज्याला चिडवलं जातंय त्याच्याकडे जाऊन ‘चल, तुला वर्गात बोलावलंय’ म्हणून त्याला तिथून बाहेर काढणं. हसायला नकार देणं. नंतर जाऊन ‘ते बरोबर नव्हतं’ एवढंच म्हणणं. आणि मोठ्यांना सांगणं. शेवटच्या पर्यायासाठी चुगली आणि कळवणं यांतला फरक मुलांना सांगून ठेवावा लागतो: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं तर चुगली, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर कळवणं. आणि सांगणाऱ्याचं नाव आपल्या तोंडून कधीही फुटता कामा नये. एकदा फुटलं की त्या वर्गातली कळवणारी सगळी तोंडं वर्षभर बंद होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल: मुलं मदत करतात ती बहुतेक आपल्या गटातल्यांना. वर्गात चार-पाच घट्ट गट असतात आणि गटांच्या मधल्या जागेत काही मुलं एकटी असतात. ‘सगळ्यांशी प्रेमाने वागा’ असं सांगून ही भिंत पडत नाही. एकमेकांची खरोखर गरज पडेल असं काम दिलं तर ती पातळ होते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 1971 मध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली. तेव्हा एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, पूर्ण धडा कळायचा तर सगळ्यांचं ऐकावंच लागणार. ज्याच्या भाषेला हसायचे, त्याला नीट प्रश्न विचारून बोलतं करणं ही आता बाकीच्यांची गरज झाली. ही पद्धत पाचवीला इतिहासात, विज्ञानात सहज वापरता येते. गट तुम्ही करा, मुलांना निवडू देऊ नका, आणि काही आठवडे तेच ठेवा. पहिल्या दिवशी तक्रारी येतील. टिकून राहा.

आता ज्या मुलांबद्दल शाळा सहसा बोलत नाही, त्यांच्याबद्दल. प्रत्येक वर्गात एक-दोन अशी समंजस मुलं असतात, बहुतेकदा मुली, की ज्यांच्याकडे आपण सगळी जड कामं सरकवतो. दंगा करणाऱ्या मुलाला तिच्या शेजारी बसव. नवीन आलेलीला तिच्याकडे सोपव. वाचता न येणाऱ्याचा अभ्यास तिने घ्यायचा. ती कधीच नाही म्हणत नाही, म्हणून वर्षभर चालतं. मग एक दिवस आई सांगते की घरी गेली की रडते, डोकं दुखतं म्हणते. मी अशा मुलींशी खूप बोलले आहे. त्यांना मदत नकोशी झालेली नसते. सुटी मिळत नाही हा त्यांचा त्रास असतो. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘माझ्या बाजूला मला पाहिजे ती मैत्रीण कधी बसणार?’ चांगुलपणा हा वर्गाचा धर्म असला, तरी तो दोन जणींच्या खांद्यावर टाकता येत नाही. अशा मुलांना आपणहून विचारा, ‘या महिन्यात तुला कुणाच्या शेजारी बसायचंय?’ जबाबदाऱ्या आळीपाळीने फिरवा. आणि नाही म्हटल्यावर बाईंच्या नजरेतून आपण उतरत नाही, हे तिला एकदा प्रत्यक्ष अनुभवायला मिळू द्या.

याच्या उलट टोकाला तुमचा तो बाटली पाडणारा मुलगा. त्याला तुम्ही काही बोलला नसाल तर उत्तम. त्याने तारा मिळवण्याची युक्ती केली, त्याच्या वयाला शोभेशीच. त्याला बोलावून जाब विचारू नका. मी त्याच्या जागी काय असेल याचा विचार करते: या मुलाकडे कुणी आपणहून काही मागायला येत नाही का? बहुतेक वेळा तसंच निघतं. मदत मागितली जाणं हा मान असतो आणि तो काही मुलांच्या वाट्याला कधी येतच नाही. त्याला खरं काम द्या. प्रयोगशाळेचं साहित्य मोजून ठेवायचं, किंवा पहिलीच्या मुलांना रिकाम्या तासाला गोष्ट वाचून दाखवायची. लहानांसमोर मोठं होण्याची संधी मिळाली की वर्गात सतत ओरडा खाणारी मुलं कशी वेगळी वागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पाचवी आणि पहिलीची अशी जोडी आठवड्यातून एक तास लावता आली, तर कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त मिळेल.

मुख्याध्यापिकांना काहीतरी उपक्रम हवाच आहे, हेही मी समजू शकते. 13 नोव्हेंबरला जागतिक दयाळूपणा दिन 1998 पासून पाळला जातो. त्या दिवशी भिंतीवर चित्रं लावायला हरकत नाही, पण सर्वांत दयाळू वर्ग निवडायची स्पर्धा नको. त्याऐवजी एक तपासून पाहिलेली गोष्ट सुचवा. व्हँकूव्हरच्या शाळांमध्ये 9 ते 11 वर्षांच्या 400 हून अधिक मुलांबरोबर झालेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातल्या काही मुलांनी चार आठवडे दर आठवड्याला कुणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायच्या, काहींनी आपल्याला आवडणाऱ्या तीन जागी जाऊन यायचं. आनंद दोन्ही गटांचा वाढला. पण चांगल्या गोष्टी करणाऱ्या मुलांबरोबर काम करायला आवडेल असं सांगणारे वर्गमित्र जास्त वाढले. यात तारे नव्हते. कुणासाठी काय करायचं ते मूल स्वतः ठरवत होतं आणि स्वतःच टिपून ठेवत होतं. तुम्ही हे चार आठवडे तसंच करू शकता. फक्त टिपलेलं वाचून दाखवायला लावू नका.

पालकांच्या सभेत एक आकडा मी जरूर सांगते. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका गटाने 2014 मध्ये 33 शाळांतल्या सुमारे 10,000 मुलांच्या उत्तरांवर अहवाल काढला. मुलांना वाटत होतं की वर्गात चांगले गुण मिळाले तर आई-वडिलांना जास्त अभिमान वाटेल, इतरांची काळजी घेणारं मूल असण्याचा तितका वाटणार नाही. असं मानणाऱ्यांची संख्या न मानणाऱ्यांच्या तिप्पट होती. आई-वडिलांना तसं वाटत असेलच असं नाही. पण घरी रोज विचारला जाणारा प्रश्न ‘किती मिळाले?’ हाच असतो. ‘आज कोण आलं नव्हतं? त्याला अभ्यास कोण सांगणार?’ एवढं विचारायला काही लागत नाही. शाळेतल्या मोठ्यांनाही हेच लागू आहे. शिपाई काकांना आपण नावाने हाक मारतो का, वर्ग झाडणाऱ्या मावशी आल्यावर पाय उचलून बोलत राहतो की उठून बाजूला होतो, हे पन्नास डोळे बघत असतात.

तक्ता काढताना तो गुपचूप काढू नका, नाहीतर कुणीतरी लबाडी केली म्हणून शिक्षा झाली असा अर्थ मुलं लावतील. सरळ सांगा: ‘मी तारे मोजत होते, पण तुम्ही करत असलेल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी मोजण्यासारख्या नाहीत हे मला दिसलं. म्हणून आता मोजणं बंद.’ या महिन्याचं बक्षीस कबूल केलं असेल तर ते वर्गाला मिळून उपयोगी पडेल असं काहीतरी द्या, म्हणजे शब्दही मोडत नाही आणि क्रमवारीही लागत नाही. पहिले काही दिवस मदत कमी झाल्यासारखी वाटेल. ताऱ्यांसाठी होत होती तेवढी जाईलच. त्याला घाबरून तक्ता परत लावू नका.

काम होतंय की नाही हे कळायला मी महिन्यातून एकदा कोऱ्या चिठ्ठ्या देते आणि दोनच प्रश्न विचारते, वर नाव न लिहिता: ‘या महिन्यात तुला कुणाची मदत झाली?’ आणि ‘मधल्या सुट्टीत एकटं कोण असतं?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत अशी नावं येतात जी तुमच्या तक्त्यावर कधी चढली नसती. दुसऱ्या प्रश्नाला वेगवेगळ्या मुलांनी एकच नाव लिहिलं असेल, तर पुढच्या आठवड्यातली बसण्याची जागा, गट आणि जोड्या त्या मुलापासून ठरवायला सुरुवात करा. त्याच्या शेजारी कुणाला बसवायचं हे ठरवताना पहिल्या प्रश्नाची उत्तरं हाताशी ठेवा, आणि पुन्हा त्याच दोन समंजस मुली निवडल्या जात नाहीत ना, तेवढं बघा. वाचून झाल्यावर चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडून टाका. शिक्षक-खोलीत किंवा टेबलाच्या खणात ठेवू नका, कारण एकट्या मुलाचं नाव लिहिलेली ती चिठ्ठी वर्गातल्या कुणाच्याही हाती लागू शकते.